चौथी फणी

मुनीराचं पत्र एकोणीसशे एकोणनव्वदच्या ऑगस्टमध्ये बहारीनला पोचलं. त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं जमालुद्दीन पुढं छत्तीस वर्षं स्वतःला सांगत आले. तसं राहून काहीच गेलं नव्हतं. उत्तर सात वेळा लिहून झालं होतं. पहिलं फार लांबलं. दुसरं इतकं कोरडं झालं की ऑफिसातल्या मालाच्या पोचपावतीसारखं वाटायला लागलं. तिसऱ्यात त्यांनी स्वतःचा एक शेर घातला आणि दुसऱ्या दिवशी वाचताना त्यांचेच कान तापले. बाकीच्या चारांत काय खोट होती ते आता आठवत नव्हतं, पण होती एवढं नक्की. स्वतःच्या लिहिण्यात खोट सापडली नाही असं जमालुद्दीनच्या बाबतीत आजवर झालं नव्हतं.

मुनीरा त्यांच्या मावशीची मुलगी, मुरूडजवळच्या राजपुरीची. निळ्या हवाई पत्रावर तिनं बोलल्यासारखंच लिहिलं होतं:

"जमालभाई, सलाम. आम्मीची तब्येत बरी नाय. ती सारखी हवाखालाचं हळदीचं गाणं बोलते, पण चार ओळींवर अडकते. पुढचं तिला येत नाय, मला येत नाय, गावात कुणाला येत नाय. आम्मी बोलते, अख्तरआपाला सगळं येतं, हवाखाला तिचे केस विंचरताना तेच गायची. तुम्ही आपाला विचारा आणि मला लिवून पाठवा. आपल्या माणसांचे कागदपत्र कुठं नायत, जे हाय ते गाण्यातच हाय. तुम्ही शिकलेले. तुम्ही लिवलंत तर टिकेल."

हवाखाला म्हणजे हवाबी. जमालुद्दीन आणि अख्तरुन्निसा आपा यांची आई. राजपुरीच्या सिद्द्यांची मुलगी. त्या लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून गलबतांवरून आले आणि जंजिऱ्याच्या आसऱ्याला राहिले. बाणकोटच्या घरात ती लग्न होऊन आली, तिला दोन मुलं झाली, आणि तापानं ती गेली तेव्हा आपा आठ वर्षांच्या होत्या, जमालुद्दीन तीन. मुलं फुफीनं, वडिलांच्या बहिणीनं, वाढवली. "हबशिणीची पोरं" हे शब्द गावात कुणी उच्चारू नयेत म्हणून फुफीनं जमेल ते सगळं केलं. राजपुरीचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

मुनीरानं मागितलं होतं ते एवढंच, की बहिणीला एक प्रश्न विचारा. पण तो विचारायचा म्हणजे आपण कुणाची मुलं आहोत हे दोघांनी तोंडानं बोलायचं. आपा तेव्हा तीन मुलींसाठी स्थळं बघत होत्या. जमालुद्दीननी पत्र शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलं, आणि शब्द अडला की फक्त पहिला खंड उघडायची सवय लावून घेतली.

ते पत्र तीन आठवड्यांपूर्वी बाहेर निघालं, ते जिकरामुळं.

जिकरा त्यांची नात, लेक लाईबाची मुलगी. सव्वीस वर्षांची, शाळेत शिक्षिका. हवाबीचा रंग आणि हवाबीचे केस दोन पिढ्या कुठं दडून बसले होते कोण जाणे, ते जिकरात अख्खे उतरले. मागच्या वर्षी तिची ठरलेली सोयरीक मोडली. मुलाच्या आईनं फोनवर कारण सांगितलं नाही. "फोटोत अशी दिसली नव्हती" एवढं मात्र सांगितलं. त्यानंतर चार महिने जिकरा शाळेपुरती खोलीबाहेर यायची. घरातल्या प्रत्येकानं तिला समजावलं. जमालुद्दीनना समजावता येत नाही. त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून काळ्या बायकांनी लिहिलेल्या कादंबऱ्या, कविता, आठवणी शोधून आणल्या आणि एकेक तिच्या दाराशी ठेवली, दूधवाला पिशवी ठेवतो तशी. दार उघडायचं, पुस्तक आत जायचं. तिसऱ्या पुस्तकानंतर चहाचा रिकामा कप बाहेर यायला लागला. पाचव्यानंतर जिकरा आली.

मग शाळेच्या ऑफिसातल्या उम्म मुबारकनं तिला मुहर्रकला आपल्या घरी नेलं. उम्म मुबारक इथलीच, बहारीनची काळी बाई. साठीची, रुंद, हसली की खुर्चीसकट हलणारी. तिच्याकडं दर मंगळवारी दुपारी आठ-दहा बायका डफ घेऊन जमतात. तिची आई लग्नांत वाजवायची. आणि कुणी बाई मनानं खचली तर तिला मधे बसवून सगळ्याजणी भोवतीनं वाजवायच्या, ती उठून चहा मागेपर्यंत. जिकरानं दुसऱ्याच मंगळवारी चहा मागितला. वाजवून दमल्या की त्या बायका वाचतात. एक जाड वही आहे, तिच्यात प्रत्येकीनं आपल्या घरच्या म्हाताऱ्या बाईचं एक पान लिहायचं. जिकराच्या पानावर नुसतं "हवाबी" लिहिलेलं होतं. त्यांची एक रीतही आहे: जिचं लग्न ठरतं तिच्या घरी सगळ्यांनी जायचं आणि तिच्याच घरचं गाणं वाजवायचं.

"नाना, आपल्या घरचं गाणं कुठलं?" जिकरानं विचारलं होतं, आणि जमालुद्दीन उठून शब्दकोशाचा दुसरा खंड घेऊन आले होते. तिला देवनागरी अडखळत वाचता येतं, म्हणून पत्राच्या तळाशी मुनीरानं उतरवलेल्या त्या चार ओळी त्यांनीच वाचल्या.

पाण्यात कोट नि कोटात गोडं पाणी,
हळदीला बसली गो माझी काळी राणी.
लाकडाची फणी आणली, मोडली गो,
शिंगाची फणी आणली, मोडली गो.

जिकरा हसली. मग तिनं स्वतःच्या केसांत हात घातला.

"पुढं?"

"पुढचं आपाला येतं."

"मग विचारा ना. नेक्स्ट वीक येतायत त्या."

"विचारतो," जमालुद्दीन म्हणाले.

जिकराचं लग्न आता ओवैसशी ठरलं होतं. आज हळद होती, आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

शुक्रवारची सकाळ. गुदैबियातल्या चौथ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटात बसायला जागा उरली नव्हती. सोफे जिन्यात गेले होते आणि हॉलभर सतरंज्या पसरल्या होत्या. जमालुद्दीन स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर चहा घेऊन बसले होते. आपा पंधरा दिवसांपूर्वी रत्नागिरीहून व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या आणि सोळाव्या दिवशी घर चालवत होत्या.

"पार्लरवाली अडीचला येईल," आपा म्हणाल्या. "केस सरळ करायला दोन तास लागतात, मी विचारून घेतलं. ओवैसची आई पाचला येईल. तवर पोरगी तयार पायजे."

"आपानानी, मला केस सरळ नाही करायचे," जिकरा म्हणाली. "आय टोल्ड यू."

"फोटो जन्मभर राहतात, बाय."

"म्हणूनच."

लाईबा कांदा चिरत होती. तिनं मान वर केली नाही. "जिकरा, एका दिवसाचा प्रश्न हाय. पानी लागलं की होतील परत तसे."

"मम्मा, ओवैसनं मला असंच बघितलंय ना?"

"ओवैसचं कोण बोलतंय? त्याच्या आईचं बोलते मी. मागल्या खेपेला काय झालं ते तू विसरली असशील, मी नाय विसरले."

खदिजानं बिर्याणीच्या पातेल्यावर झाकण आदळलं. जमालुद्दीनची बायको फारशी बोलत नसे. तिची झाकणं बोलत. "माझ्या सासूचे केस असेच होते म्हणतात," ती म्हणाली. "मी कुठं बघितले? या घरात त्यांचा एक फोटो नाय."

आपांनी बशी खाली ठेवली. "खदिजा, तू भाताकडं बघ."

"भाताकडंच बघतेय, आपा. अठ्ठेचाळीस वर्षं."

जावई यासीन फ्रीजपाशी उभा होता. "मी बर्फ घेऊन येतो," तो म्हणाला.

"बर्फ कालच आणलास," लाईबा म्हणाली.

"मग खुर्च्या आणतो." तो गेलासुद्धा.

जमालुद्दीननी घसा खाकरला. सगळ्याजणी वळल्या. वाक्य तयार होतं, तीन आठवडे घासून पुसून ठेवलेलं: आपा, आईचं हळदीचं गाणं तुला पूर्ण येतं का?

"आपा," ते म्हणाले, "या चहात साखर आहे का?"

"कप तुझ्या हातात हाय, जमाल."

जिकरानं त्यांच्याकडं पाहिलं आणि हलकेच मान डोलावली. वर्गात उत्तर न आलेल्या मुलाला ती असंच काहीतरी करत असावी. हरकत नाही, पुढच्या वेळी. ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

नंतर पॅसेजमध्ये ती त्यांच्यापाशी आली. "नाना, गाणं नाही मिळालं तर खलास, सोडून द्या, आम्ही दुसरं काहीतरी वाजवू. इट्स ओके." मग दोन पावलं जाऊन परत आली. "नाही, ओके नाहीय. लग्नानंतर मी बुदैयाला जाणार. उद्या मला मुलगी झाली आणि तिचे केस असे आले, तर मी तिला काय सांगू? की आपल्या घरात असं कुणी नव्हतंच? मला ते पान लिहायचंय, नाना. नुसतं नाव ठेवून जायचं नाहीय."

जमालुद्दीन म्हणाले, "हो." याहून बरं काहीतरी म्हणता आलं असतं, ते त्यांना जेवताना सुचलं.

चार वाजता उम्म मुबारक सात बायकांना घेऊन आली. लिफ्टमध्ये चार माणसं मावत. पहिल्या फेरीत डफ आणि एक मोठा ढोल असे एकटेच वर आले. समोरच्या रत्नाबाईंनी लिफ्टचं दार उघडलं आणि घरात हाक मारली, "खदिजाभाबी, तुमच्याकडं ढोल आलाय. सोबत कुणी नाही."

पुरुषांना खाली पाठवलं होतं. जमालुद्दीनचे गुडघे जिन्याचे राहिले नव्हते आणि लिफ्ट ढोलांनी भरलेली, म्हणून त्यांना मागच्या खोलीत पुस्तकांजवळ राहायची परवानगी मिळाली. दाराला हिरवा पडदा होता. उम्म मुबारकनं तो बाजूला करून आत डोकावलं.

"सलाम आलेकुम, बाबा. गाना किधर?"

"आधा है," जमालुद्दीन म्हणाले.

"आधा? शादी भी आधा है क्या?" तिच्या हसण्यानं पडदा हलला. मग तिनं त्यांच्याकडं नीट पाहिलं, त्यांच्या कपाळाकडं, नाकाकडं, आणि हसणं थांबवलं. "आधा कौन रखा है?"

"मेरी बहन."

"तो यल्ला, चलो, बाबा. बहन इधर ही बैठा है."

ती गेली. पडद्याच्या फटीतून त्यांना हॉलची एक पट्टी दिसत होती: पाट, पाटावर पिवळ्या कपड्यांतली जिकरा, तिची पाठ आणि पाठीवर मोकळे सोडलेले ते केस. भिंतीपाशी पार्लरवाली फिलिपिनो मुलगी बसलेली. अडीचला ती आली तेव्हा जिकरानं तिला "गाण्यानंतर बघू" म्हणून बिर्याणी वाढली होती. तिची दुसरी प्लेट चालू होती आणि केस सरळ करायचं यंत्र गार पडलं होतं. आपा दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होत्या. सव्वाचारला बेल वाजली. ओवैसची आई पाऊण तास आधीच आली होती.

"रस्ता मोकळा मिळाला," ती म्हणाली आणि पाटासमोर बसली. तिनं जिकराच्या केसांकडं पाहिलं. मग पर्स मांडीवर ओढून घेतली.

आपांचा चेहरा जमालुद्दीनना दिसत नव्हता. पाठ दिसत होती, ताठ.

जिकरा बोलायला लागली. "हे माझ्या नानांच्या आईचं गाणं आहे. मला पूर्ण येत नाही. जेवढं येतं तेवढं म्हणते." तिनं चार ओळी म्हटल्या, स्वतःच लावलेल्या संथ, उदास चालीवर. डफ मागून आले. लाकडाची फणी मोडली, शिंगाची मोडली, आणि ती थांबली. बायकाही थांबल्या. फक्त उम्म मुबारकचा अंगठा ढोलावर पडत राहिला, सावकाश, एखाद्याची वाट बघत दार वाजवावं तसा.

"फिर?" ती म्हणाली.

जमालुद्दीन उठले. पत्र हातात होतं. पडद्यापर्यंतची चार पावलं कशी गेली ते त्यांना कळलं नाही. पडदा उघडायचं बळ काही आलं नाही. ते पडद्यामागं उभे राहिले आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"'आम्मी बोलते, अख्तरआपाला सगळं येतं, हवाखाला तिचे केस विंचरताना तेच गायची. तुम्ही आपाला विचारा.'" त्यांनी पत्र खाली घेतलं. "आपा, हे पत्र मला छत्तीस वर्षांपूर्वी आलं. राजपुरीहून, मुनीराचं. मी तुला विचारलं नाही. भ्यालो. आता विचारतो. आईचं गाणं तुला येतं का?"

ढोलावरचा अंगठा थांबला.

"राजपुरीहून?" हा ओवैसच्या आईचा आवाज.

"हो," जमालुद्दीन पडद्याला म्हणाले. "माझी आई राजपुरीची होती. सिद्दी. आमची दोघांची आई."

मग आपांचा आवाज आला.

"पडद्यामागून विचारतोस. शहात्तर वर्षांचा झालास, तरी पडद्यामागून."

कुणीतरी खुसकन हसलं, बहुतेक रत्नाबाई.

"फुफी लोखंडाची फणी घेऊन बसायची," आपा म्हणाल्या. ओट्यापाशी भाजीचा भाव सांगावा तसा तो आवाज होता. "रोज सकाळी. बोलायची, हे जंगल सरळ झाल्याबिगर शाळेत नाय जायचं. मी एकदा आईचं गाणं बोलले, तर त्याच फणीच्या पाठीनं मारलं. आठ वर्षांची होते. तवापासून बोलले नाय. तीन पोरी उजवल्या, त्यांच्या हळदीला नाय बोलले." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आणि आज मीच यंत्र मागवलं."

जिकरा पाटावर वळली. "आपानानी..."

"चाल चुकवलीस तू," आपा म्हणाल्या. "रडकी लावलीस. ही रडकी नाय, ही ऐटीची हाय. तोंड तिकडं कर. लाईबा, तेल आण."

लाईबानं तेलाची वाटी आणली. पट्टीत आपांचे हात दिसले, सुरकुतलेले, बांगड्या मागं सारलेले; ते तेलात बुडाले आणि जिकराच्या केसांत शिरले. आणि एक्याऐंशी वर्षांचा तो घोगरा आवाज, सुरात जेमतेम, पण ठेक्यात पक्का, उड्या मारत निघाला. चार ओळी झाल्या, आणि थांबला नाही.

चांदीची फणी आणली, वाकली गो,
चौथी फणी नको गो, बोटांनी विंचरीन,
एकेका कुरळ्यात एकेक नाव भरीन.
नानीचं भरीन, दादीचं भरीन, खालाचं भरीन गो,
उरला एक कुरळा तर माझं भरीन गो.

दुसऱ्या वेळी डफ आले, तिसऱ्या वेळी ढोल. जमालुद्दीननी भिंतीला हात टेकला. पुस्तकं वाचून वाचून त्यांनी मनाशी एक कल्पना बांधली होती: आईचा ठेका आणि या बायकांचा ठेका मुळात एकच निघणार, समुद्र ओलांडून आलेला. म्हणून गाणं थांबल्याबरोबर पडदा बोटभर सारून त्यांनी विचारलं, "उम्म मुबारक, यह आपका ही ठेका है ना?"

तिनं विचार केला. ढोलावर दोनदा वाजवूनही पाहिलं. "ना, बाबा. हमारा नहीं है. काला लोग का सब गाना एक ही घर का थोड़े है." मग खांदे उडवले. "लेकिन अच्छा है. हम सीखेगा."

पुस्तकांतून बांधलेली कल्पना एका वाक्यात गेली. एरवी जमालुद्दीन आठवडाभर त्यावर कुढले असते. आज त्यांना हसू आलं. आईचं गाणं आईचंच होतं. हे काही वाईट नव्हतं.

हॉलमध्ये नावं सुरू झाली होती. "हा हवाबीचा," म्हणत आपांनी पहिला कुरळा बोटाला गुंडाळला. मग खदिजा आली, तिनं आपल्या आईचं नाव भरलं. उम्म मुबारकनं आपल्या आईचं, तिच्या बायकांनी आपापल्या घरच्यांची. रत्नाबाईंनी चिपळूणच्या आजीचं. "हिंदू आजी चालते ना?" त्यांनी विचारलं, आणि आपा म्हणाल्या, "डोईला कुठं कळतंय?" लाईबा सगळ्यांत शेवटी वाकली. तिनं कुणाचंच नाव घेतलं नाही. लेकीच्या मानेपाशी एक कुरळा धरून ती बसून राहिली आणि म्हणाली, "हे मी सरळ करायला सांगत होते." जिकरानं मागं न बघता तिचा हात धरला.

मग सगळ्यांना ओवैसच्या आईची आठवण झाली. ती समोर बसली होती तशीच होती, मांडीवर पर्स.

"आमच्याकडचं नाव नाय घालत वाटतं कुणी?" ती म्हणाली. "नवरी आमच्या घरी येते ना?"

आपांनी तिच्याकडं पाहिलं. "तुमची हरकत नाय?"

"कशाची? मी इकडं बसून मघापासून बघतेय, माझ्या सासूचं नाव कुठं घालायचं ते. ती मेली तरी तिला पुढचीच जागा लागते. जागा हाय ना?"

"जागा?" आपा म्हणाल्या. "याच्यात अख्खा रत्नागिरी जिल्हा मावंल."

त्या हसण्यात पार्लरवाल्या मुलीनं यंत्राची वायर गुंडाळली, हात धुतले आणि विचारलं की तिच्या लोलाचं नाव घातलेलं चालेल का. लोला म्हणजे आजी, हे जिकरानं सगळ्यांना सांगितलं.

"आणि शेवटचा?" जिकरानं विचारलं. "उरला तो?"

आपांनी डोक्यावरची ओढणी खाली घेतली आणि तेलानं चापून बसवलेला अंबाडा सोडला. खदिजानं न सांगता तेलाची वाटी उचलली. जमालुद्दीननी पडदा नीट लावून घेतला. त्यांना एवढंच दिसलं होतं, की केस पांढरे होते आणि त्यांतला एकही सरळ नव्हता.

रविवारी सकाळी जमालुद्दीननी जेवणाच्या टेबलावर आठवं पत्र लिहायला घेतलं. खदिजानं मुरूडला चौकशी केली होती: मुनीरा आहे, ठणठणीत आहे, गावातल्या मुलींना कुराण शिकवते आणि छड्याही मारते.

"नंबर मिळालाय," खदिजा म्हणाली. "फोन लावा की सरळ."

"फोन नंतर. पत्राला पत्र गेलं पाहिजे."

"मग लिही ना," आपा म्हणाल्या. त्या शेजारी बसल्या होत्या, केस मोकळे, अजून तेलकट. "काय वर बघतोस? वर काय लिवलंय?"

जमालुद्दीन सुरुवातीपाशी अडले होते. छत्तीस वर्षांचं कारण कसं लिहायचं? प्रकृती, नोकरी, पत्ता हरवला. सातही पत्रांत असलंच काहीतरी होतं, आता त्यांना आठवलं. खोट तिथं होती. त्यांनी लिहिलं:

"मुनीरा, सलाम. तुझं पत्र वेळेवर मिळालं होतं. मी भ्यालो म्हणून उत्तर दिलं नाही, दुसरं कारण नाही. तुझ्या आम्मीला हे गाणं ऐकवता आलं असतं, ते माझ्यामुळं राहिलं. याची माफी मागायला मला चांगले शब्द सापडत नाहीत, म्हणून साध्या शब्दांत मागतो. आपानं सांगितलेलं गाणं खाली लिहिलं आहे. शुक्रवारी माझ्या नातीच्या हळदीला ते बहारीनमध्ये वाजलं."

गाणं उतरवताना आपांनी दोनदा भांडण काढलं. पत्र पूर्ण झाल्यावर जिकरानं त्यावरून आपल्या वहीचं पान लिहून घेतलं, अडखळत, जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर मोठं. तिनं पान भरल्यावरही खाली दोन बोटं जागा ठेवली.

"ही कशाला?" जमालुद्दीननी विचारलं.

"मुनीराखाला अजून काही सांगतील ना. तुम्ही विचारलंत तर."

जमालुद्दीननी तळाशी आणखी एक ओळ लिहिली: "आईबद्दल तुला जे जे माहीत असेल ते लिही. मी या वेळी उत्तर देईन."

यासीननं गाडी काढली. आपाही आल्या, जमाल पोस्टाच्या दारातून परत फिरेल, असं त्या रस्ताभर म्हणत होत्या. पोस्टात गर्दी नव्हती. काउंटरवरच्या माणसानं पाकीट वजनाला टाकलं आणि मागची बाजू दाखवली. पाठवणाऱ्याचं नाव लिहायचं राहिलं होतं.

जमालुद्दीननी पेन घेतलं. आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर, पासपोर्टवर, रेसिडेंट कार्डावर त्यांनी नावापुढं वडिलांचं नाव लिहिलं होतं. त्यांनी लिहिलं: जमालुद्दीन, हवाबीचा मुलगा, गुदैबिया.

आपांनी खांद्यावरून वाकून वाचलं. "आणि माझं?"

त्यांनी खाली लिहिलं: अख्तरुन्निसा, हवाबीची मुलगी.

तिकिटं लागली. पाकीट परत हातात आलं तेव्हा एकदा उघडून वाचावं असं जमालुद्दीनना वाटलं; दुसऱ्या ओळीतला एक शब्द त्यांना अजून टोचत होता. आपा बघत होत्या. त्यांनी पाकीट उलटसुलट केलं, पत्ता वाचला, मुनीराचं नाव वाचलं, आणि पेटीत टाकलं.